चौदाव्या दिवशी प्यायलो. आता पुन्हा एकपासून मोजायचं का?

फिटर_४६ · रविवार, रात्री १०.४०

दोन वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. बोटं नीट चालत नाहीत म्हणून मोबाईलवर बोलून टाइप करतोय. चुका दिसल्या तर सांभाळून घ्या.

वय ४६. एमआयडीसीत मेंटेनन्सला फिटर आहे. बावीस वर्षं प्यायलो, त्यातली शेवटची आठ रोज. मागच्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून आलो आणि त्यानंतर ४३१ दिवस थेंब घेतला नाही. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकवलेलं असतं. रोज झोपायच्या आधी त्या दिवसाच्या चौकटीवर मी लाल पेनने तिरकी रेघ मारायचो. गटारी गेली, ३१ डिसेंबर गेला, मेव्हण्याच्या मुलाची हळद गेली. हळदीला माझ्या शेजारच्या खुर्चीखाली खंबा ठेवला होता, मी शेंगदाणे खात बसून राहिलो. त्या रात्रीची रेघ बायकोने मारली होती.

दोन महिन्यांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. दिवसा कंपनी, रात्री दवाखान्यात आईच्या खाटेशेजारी सतरंजी. जेवण म्हणजे चार वाजता कधीतरी वडापाव. दारू सोडणाऱ्यांच्या गटाची गुरुवारची मीटिंग पहिल्या आठवड्यात चुकली, मग चुकतच गेली. दारूवरची गोळी संपली ती परत आणली नाही. आईच्या औषधांची चिठ्ठी खिशात होती, माझी नव्हती.

आई गेली. तेरा दिवस मी खांब होऊन उभा होतो. सगळे म्हणत होते, पोरगा सावरला. मंगळवारी तेरावं झालं. बुधवारी सकाळी पाहुणे गेले आणि मांडववाल्याची भांडी परत द्यायला मी एकटाच टेम्पो घेऊन गेलो. परतताना स्टँडमागच्या दुकानापाशी टेम्पो थांबवला. का थांबवला ते मला आजही सांगता येत नाही. दुकानदाराने माझं मुंडण केलेलं डोकं बघितलं, विचारलं, "कोण गेलं?" म्हटलं, आई. तो "अरेरे" म्हणाला आणि मी काही मागायच्या आत माझा जुना ब्रँड, क्वार्टर, काउंटरवर ठेवला. टेम्पोत पिशवी होती, पिशवीत तेराव्याला उरलेले कागदी ग्लास होते. त्यातलाच एक काढला.

बुधवारी एक क्वार्टर. गुरुवारी दोन. शुक्रवार-शनिवारचा हिशेब आठवत नाही. मुलगी दहावीला आहे. शनिवारी तिने मला दारात बघितलं, पुस्तकं उचलली, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. बायको एक शब्द बोलली नाही. कपाटाच्या चाव्यांचा जुडगा वर्षभर खिळ्याला टांगलेला असायचा, तो तिने काढून पुन्हा कमरेला खोचला.

आज सकाळपासून घेतलेली नाही. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. ते ४३१ दिवस गेले का? आणि असं झालेली माणसं परत उभी राहतात का?

रातपाळी · रविवार, रात्री ११.०५

दादा, बाकी सगळं नंतर. मी मनोविकारतज्ज्ञ आहे. शेवटची दारू नेमकी किती वाजता घेतली? घाम येतोय का, उलटी झाली का, हात किती थरथरतायत? आधी कधी फीट आली होती का?

फिटर_४६ · रविवार, रात्री ११.१८

काल रात्री नऊच्या सुमारास घेतली ती शेवटची. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतोय. बनियन दोनदा बदलला. झोप नाही. मघाशी भिंतीवरची खुंटी हलल्यासारखी वाटली. केंद्रात जायच्या आधी एकदा फीट आली होती, जीभ चावली गेली होती.

रातपाळी · रविवार, रात्री ११.२४

मग हा प्रतिसाद वाचून झाला की फोन खाली ठेवा आणि कुणाला तरी घेऊन आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. सिव्हिल हॉस्पिटल असलं तरी चालेल. एकट्याने जाऊ नका, गाडी चालवू नका.

रोज पिण्याची सवय झालेल्या मेंदूतून दारू अचानक निघून गेली की सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फीट येण्याचा धोका असतो. दोन ते चार दिवसांत माणूस भ्रमात जाऊ शकतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. तुम्ही २६ तासांवर आहात आणि आधी फीट येऊन गेलेली आहे. पिणं आणि सोडणं जितक्या वेळा होतं तितका मेंदू जास्त भडकतो, त्यामुळे चारच दिवस प्यायलो असं म्हणून घरी बसू नका.

तिथल्या डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा: शेवटची दारू कधी घेतली, आधी फीट आली होती, आणि आठवडाभर जेवण धड नाही. बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यावं लागेल. ग्लुकोजची बाटली लावणार असतील तर त्याआधी ते दिलेलं असणं महत्त्वाचं. लाज वाटून यातलं काहीही लपवू नका. कंप थांबवायला घोटभर घ्यायचा मोह होईल, तोही नको.

फिटर_४६ · रविवार, रात्री ११.३१

दाजींना फोन केला. निघालेत.

सह्याद्रीवारा · सोमवार, सकाळी ८.५०

मला जे वाटतं ते लिहितो, कुणाला लागलं तर इलाज नाही. वर्षभर राहू शकणारा माणूस पुढेही राहू शकतो. निश्चय पक्का असेल तर दुकानासमोर टेम्पो थांबत नाही. माझे वडील पीत होते. शपथ घ्यायचे, देवापुढे नारळ ठेवायचे, दोन महिने घर माणसांत यायचं आणि मग पुन्हा तेच. नऊ वेळा मी हे बघितलंय. प्रत्येक वेळी कुणीतरी येऊन म्हणायचं, आजारी आहे तो, समजून घे. दहा वर्षांच्या पोराने किती समजून घ्यायचं? आतून कडी लावणारी ती मुलगी मला कळते.

आजचा_दिवस · सोमवार, सकाळी ११.१५

सह्याद्रीवारा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. माझा मुलगाही कडी लावायचा. तुमच्या दुखण्यावर मी काही बोलणार नाही, ते खरं आहे. निश्चयाबद्दल मात्र बोलतो. मी १९ वर्षं एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या मीटिंगला जातोय आणि माझा शेवटचा घोट १४ वर्षांपूर्वीचा आहे. मधली पाच वर्षं मी दर वेळी पक्क्या निश्चयानेच पडत होतो.

फिटरदादा दवाखान्यातून आले की वाचतील म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. मे १९३५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रनला बिल विल्सन नावाचा माणूस हॉटेलात एकटा होता. धंद्याचं काम फिसकटलेलं, दारू सोडून काही महिनेच झालेले, आणि समोर हॉटेलचा बार. त्याने बारकडे पाठ केली आणि फोन फिरवत सुटला. मला कुणीतरी दारुडा गाठून द्या, त्याच्याशी बोलायचंय, असं सांगत. त्यातून त्याला डॉ. बॉब स्मिथ भेटले. दोघे तासन् तास बोलले आणि डॉ. बॉबनी सोडली. मग महिनाभरातच ते डॉक्टरांच्या अधिवेशनाला अटलांटिक सिटीला गेले आणि तिथे भरपूर प्यायले. परत आल्यावर बिल त्यांच्या उशाशी बसला. डॉ. बॉबनी शेवटची दारू घेतली तो दिवस १० जून १९३५ मानला जातो, आणि एए तीच आपली स्थापनेची तारीख धरते.

म्हणजे ज्या दोघांनी हे सगळं उभं केलं त्यातला एक जण आधी पडला होता. आमच्या गटात कुणी स्लिप होऊन परत आला की मी त्याला पहिल्यांदा हे सांगतो.

मोजणीचं विचारलंत. आमच्याकडे ती एकपासून होते. टाळ्या २४ तासांनाही वाजतात. पण वडिलांच्या हयातीतच घर सोडून गेलेला पोरगा परत आला तर तो काही नव्याने जन्माला येत नाही, गल्ली त्याला ओळखीचीच असते. हळदीला शेंगदाणे खात कसं बसायचं ते तुम्हाला येतं. माझ्या पहिल्या दिवशी मला ते येत नव्हतं.

वाचक_मी · सोमवार, दुपारी १.३०

काही बातमी आहे का फिटरदादांची?

जाईची_वेल · सोमवार, दुपारी ३.४५

सगळे त्यांच्याबद्दल बोलतायत म्हणून मी त्या चाव्यांबद्दल बोलते.

माझे मिस्टर पाच वेळा पडले. पहिल्या वेळी मी रडले, दुसऱ्या वेळी भांडले, तिसऱ्या वेळी माहेरी गेले. चौथ्या वेळी मी काहीच केलं नाही, भाकऱ्या थापत राहिले, आणि ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं असं ते नंतर म्हणाले. वहिनी गप्प आहेत याचा अर्थ त्यांनी तुम्हाला सोडलंय असा लावू नका आणि त्यांनी माफ केलंय असाही लावू नका. वर्षभर खिळ्याला चावी टांगायला त्यांना किती धीर लागला असेल! आता तो चावीसकट परत कमरेला गेला. लवकर मागू नका.

आम्ही बायका काय करतो तर वास घेतो. दार उघडलं की पहिल्यांदा वास. घड्याळ बघतो, साडेसातची बस चुकली की पोटात गोळा येतो. मला नणंदेने पुण्याला मुक्तांगणच्या सहचरी गटात नेलं. व्यसनी माणसांच्या बायकांचा गट आहे तो. तिथे पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, "तुम्ही जेवलात का?" त्यांना नाही, मला. मी हमसून हमसून रडले. त्यांचं पिणं मी लावलेलं नाही, मी ते थांबवू शकत नाही, मी ते बरं करू शकत नाही, हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

आमच्या घरात पाचव्या वेळेनंतर एक गोष्ट बदलली, ती लिहिते, उपयोग झाला तर बघा. ते चांगले असताना, डोकं थंड असताना, आम्ही दोघांनी बसून वहीच्या कागदावर लिहून काढलं की पुन्हा झालं तर काय करायचं. पैसे माझ्याकडे. त्या रात्री बोलायचं नाही, सकाळी बोलायचं. गाडीची चावी शेजारच्या काकांकडे. तिसऱ्या दिवसाची वाट न बघता पहिल्याच दिवशी डॉक्टर. मुलांना खोटं सांगायचं नाही, बाबांना बरं नाही म्हणायचं आणि काय बरं नाही तेही सांगायचं. दोघांच्या सह्या करून तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. सहा वर्षं झाली, अजून वापरायची वेळ आली नाही, पण साडी काढताना तो दिसतो तेव्हा मला बरं वाटतं.

काळजीत_बहीण · सोमवार, संध्याकाळी ६.१०

जाईताई, तुमचं वाचून रडू आलं. रातपाळी डॉक्टर, एक विचारू का? माझ्या भावासाठी कुणीतरी पावडर सांगितली आहे, न सांगता भाजीत घालायची, म्हणजे दारू प्यायली की उलट्या होतात. देऊ का? आम्ही फार थकलो आहोत हो.

रातपाळी · सोमवार, रात्री ९.४०

ताई, नका देऊ. तुमचा थकवा मला समजतो, दर आठवड्याला हा प्रश्न माझ्यासमोर येतो, आणि विचारणारी बहुतेक वेळा बहीण, आई किंवा बायकोच असते.

अशा पावडरींमध्ये पुष्कळदा डायसल्फिराम असतं. फिटरदादा घेत होते ती गोळीही बहुधा तीच. ती दारूचं शरीरात पुढे होणारं विघटन मधेच अडवते, विषारी पदार्थ साठतो, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. आपण गोळी घेतलीय हे माहीत असलेला माणूस त्या भीतीनेच दारूपासून लांब राहतो, औषधाचा अर्धा गुण त्या माहितीत आहे. ज्याला माहीतच नाही तो पिणार, आणि त्याचं हृदय कमजोर असेल तर तुमच्या भाजीने तो दगावू शकतो. शिवाय यकृताच्या तपासण्या करत राहाव्या लागतात. भावाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांकडून सुरू करा. यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या भेटायला या, तेही चालतं. १४४१६ हा टेली-मानसचा फोन मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. १४४४६ हा खास व्यसनमुक्तीसाठीचा. आज रात्री लावा.

सह्याद्रीवारा, तुमच्यासाठी दोन आकडे. व्यसनातून बरे होणाऱ्यांपैकी शंभरातले ४० ते ६० जण पुन्हा पडतात, आणि रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांचं उपचार सोडल्यावर पुन्हा बिघडण्याचं प्रमाण याच्याच आसपास आहे. दुसरा आकडा मला जास्त छळतो. २०१९ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या देशव्यापी पाहणीत असं दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाले होते. तुमच्या वडिलांनी नऊ वेळा नारळ ठेवला. नऊपैकी किती वेळा त्यांना कुणी डॉक्टरकडे नेलं होतं? हे तुम्हाला दोष देऊन विचारत नाही. तुम्ही दहा वर्षांचे होतात. ज्यांनी न्यायला हवं होतं त्यांनी नेलं नाही याचं मला वाईट वाटतं.

सह्याद्रीवारा · सोमवार, रात्री ११.५५

एकदाही नाही.

फिटर_४६ · बुधवार, दुपारी १२.२०

घरी आलो. रविवारी रात्री साडेबाराला सिव्हिलला पोचलो. पहाटे कुणीतरी पलंगाखाली बसलंय असं मी ओरडत होतो म्हणे, मला आठवत नाही. फीट आली नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. रातपाळी डॉक्टर, तुम्ही त्या रात्री विचारलं नसतं तर मी गोधडी ओढून पडून राहिलो असतो. आयुष्यभर विसरणार नाही.

तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद दवाखान्यात दाजींनी वाचून दाखवले. जाईताईंचा मात्र मी बायकोला वाचायला दिला. तिने वाचला, फोन परत दिला आणि म्हणाली, "कागद आणा." वही शोधतोय.

गोळी आजच परत चालू करू का?

रातपाळी · बुधवार, दुपारी २.०५

रक्तात दारू असताना ती घेता येत नाही, तो प्रश्न तुमच्या बाबतीत आता मिटला. तरी यकृताची तपासणी बघून तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. ओढ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत, अ‍ॅकॅम्प्रोसेट, नाल्ट्रेक्सोन. आपल्याला कुठलं चालेल ते त्यांना विचारा. गोळी चालू झाली की रोज सकाळी वहिनींच्या समोर घ्या, त्यांची हरकत नसेल तर. पहारा म्हणून नाही, दोघांच्या डोक्यावरचा एक भार त्याने उतरतो. आणि पुढे कधी गोळी बंद केलीत तरी दोन आठवडे तिचा परिणाम राहतो हे लक्षात ठेवा.

आणखी एक सांगायचं होतं. तुम्ही लिहिलंय, टेम्पो का थांबवला ते सांगता येत नाही. मला वाटतं तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये सांगून टाकलंय. मीटिंग सुटली, गोळी संपली, चार वाजता वडापाव, खाटेशेजारी सतरंजी. पडणं बुधवारी दिसलं, सुरू दोन महिने आधी झालं होतं. उपाशी, रागावलेला, एकटा, थकलेला, यातले दोन तरी तुम्ही रोज होतात. बाटली शेवटी आली. आणि पहिल्या ग्लासानंतर मनात जे आलं ते ओळखीचं असेल: आता सगळं गेलंच आहे, मग कशाला थांबू? गुरुवारच्या दोन क्वार्टर त्या वाक्याने पाजल्या.

मोजणीबाबत माझं आणि आजचा_दिवस यांचं जरा वेगळं आहे. मी माझ्या रुग्णांच्या फायलीत लिहितो, ४३५ दिवसांपैकी ४ दिवस प्यायले. दोन्ही आकडे खरे आहेत.

मांडवीकाठ · बुधवार, रात्री ९.३०

मी बाई आहे आणि दारूतून बाहेर आले आहे, हे इथे पहिल्यांदाच लिहिते. पुरुष पडला तर लोक म्हणतात, आई गेली, दुःखात प्यायला. बाई पडली तर तिचं दुःख कुणी विचारत नाही. मी पहिल्या मीटिंगला गेले तेव्हा एका काकांनी विचारलं, "मिस्टर आत आहेत का?"

मी गोव्यात राहते. इथे दारू लपवावी लागत नाही, तीच अडचण. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बोंडांचा वास गावभर असतो आणि उर्राक, म्हणजे त्या बोंडांची दारू, आलं की मोटारी थांबवून लोक बाटल्या भरून घेतात. ते दोन महिने मी नोकरीला आडवाटेने जाते, बारा मिनिटं जास्त लागतात.

पण मी पडले ते उर्राकने नाही. अशक्तपणा होता म्हणून सासूबाईंनी आयुर्वेदिक आसव आणून दिलं. आसव-अरिष्टात आंबवण्यातून आपोआप मद्यार्क तयार होतो, हे मला ठाऊकच नव्हतं. दोन चमचे सांगितले होते. चौथ्या दिवशी मी अर्धी बाटली सिंकपाशी उभी राहून प्यायले आणि पाचव्या दिवशी दुकानात होते. फिटरदादा, गोळी चालू झाली की खोकल्याचं औषध, आसवं, होमिओपॅथीचे थेंब, सगळं आधी विचारून घ्या. त्या गोळीबरोबर एवढ्याशानेही त्रास होऊ शकतो.

आणि ओढ आली की जागा सोडा. बसल्या जागी लढायला जाऊ नका. ती चढते, वाटतं आता यातून सुटका नाही, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. मी त्या अर्ध्या तासात नारळ खवते. दोन्ही हात गुंततात आणि खवणीवरून नजर हलवली तर बोट कापतं. फ्रीजरमध्ये कायम खोबरं असतं माझ्या.

आजचा_दिवस · गुरुवार, सकाळी ७.४०

फिटरदादा, आज गुरुवार आहे.

फिटर_४६ · गुरुवार, रात्री १०.५०

गेलो. पायरीवर वीस मिनिटं बसून होतो, आतून आवाज येत होते. वर्षाचा वाढदिवस याच खोलीत साजरा झाला होता, सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. त्यांच्यासमोर काय तोंड दाखवायचं? शेवटी चहा घेऊन आलेला पोरगा म्हणाला, "काका, आत चला, चहा गार होईल." आत गेलो, हात वर केला, नाव सांगितलं आणि म्हटलं, आज पाचवा दिवस. कुणी मान फिरवली नाही. माझा स्पॉन्सर, म्हणजे गटातला मला सांभाळणारा जुना माणूस, उठला, शेजारची खुर्ची ओढून घेतली. आईबद्दल बोललो. आई गेल्यापासून मी पहिल्यांदा रडलो, तेराव्यालाही रडलो नव्हतो.

डॉक्टर, आजचा_दिवस, मोजणी मी अशी केलीय: कालनिर्णयावर चार चौकटी कोऱ्या ठेवल्यात. खोडल्या नाहीत, पान फाडलं नाही. पाचवीपासून रेघ चालू.

सह्याद्रीवारा · शुक्रवार, सकाळी ९.१५

माझं पहिलं लिहिलेलं मी मागे घेत नाही, त्या वयात मला जे वाटलं ते तसंच होतं. पण तुम्ही मुलीशी बोललात का? माझ्या वडिलांनी एकदा जरी माझ्यासमोर बसून "मी प्यायलो, चुकलो, उपचार घेतोय" असं म्हटलं असतं तर मला पुरलं असतं. शपथ नको होती मला. शपथा फार ऐकल्या होत्या.

फिटर_४६ · पुढचा गुरुवार, रात्री ९.१०

आज बारावा दिवस. यकृताची तपासणी झाली, डॉक्टरांनी सोमवारपासून गोळी चालू केली. सकाळी सातला, चहाच्या आधी, बायकोसमोर. कागद लिहून झालाय, तिने त्यात दोन ओळी वाढवल्या, त्या इथे लिहीत नाही. चाव्या अजून तिच्या कमरेलाच आहेत. मागितल्या नाहीत.

सह्याद्रीवारा, मुलीशी बोललो. तुमचं वाक्य जसंच्या तसं वापरलं, माझ्याकडे स्वतःचं नव्हतं. ती काही बोलली नाही. संध्याकाळी विज्ञानाचं पुस्तक घेऊन बाहेरच्या खोलीत बसली, दार उघडं होतं.

आता मदत हवी आहे. उद्या आईचं महिन्याचं श्राद्ध. तीसेक माणसं असतील. मिरजेचा चुलतभाऊ रात्री बसायचं म्हणून घेऊन येणार होता, त्याला फोन करून सांगितलं की मी उपचार घेतोय, आणलीस तर तुला दारातून परत पाठवीन. त्याला राग आला, येऊ दे. भांडी द्यायला मी जाणार नाही, दाजी जातील. जेवणं होईपर्यंत मला भीती नाही, कामात असतो. भीती आहे ती माणसं गेल्यानंतरची. पत्रावळ्या उचललेल्या, घर रिकामं, आईची खाट तशीच. दुपारी चार ते सहा. मला त्या वेळी कुणी फोन कराल का?

आजचा_दिवस · गुरुवार, रात्री ९.१६

व्यक्तिगत निरोप केलाय, नंबर द्या. चारला मी.

मांडवीकाठ · गुरुवार, रात्री ९.२०

मलाही नंबर पाठवा. पाचला मी करते. आणि घरात नारळ असू द्या.

आजचा_दिवस · शुक्रवार, दुपारी ४.०२

लावतोय. उचला.

फिटर_४६ · शुक्रवार, संध्याकाळी ६.३५

दोन्ही उचलले. साडेचारला सगळ्यात वाईट होतं, तेव्हा आजचा_दिवस फोनवर होते आणि मी त्यांना आई मटकीला मोड कसे आणायची ते सांगत होतो. फडकं ओलं करून, पितळी डब्यात, चुलीच्या मागे. पाचला मांडवीकाठ ताईंचा आला, मी खरंच नारळ खवत होतो. माझी बहीण आक्का बघत उभी राहिली, मग तिने दुसरी वाटी घेतली.

भांडी गेली. आईची खाट आम्ही दोघांनी मिळून माडीवर नेऊन ठेवली. रेघ अजून मारलेली नाही, ती रात्री.